मूल सुजलेलं होतं, म्हणून कुणाला ते उपाशी वाटलंच नाही; हा आजार ओळखणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांची गोष्ट

सरकारी दवाखान्यातल्या बालरोग वॉर्डात एक साधी तपासणी होते. डॉक्टर किंवा नर्स लहान मुलाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा ठेवतात, तीन सेकंद दाबतात आणि उचलतात. दोन्ही पावलांवर खळगा तसाच राहिला, तर मूल तीव्र कुपोषित आहे असं धरतात. मग वजनकाटा काहीही सांगो.

या तपासणीला ना मशीन लागतं, ना रक्त काढावं लागतं. पण तीन सेकंद अंगठा का दाबायचा, हे डॉक्टरांच्या जगाला कळायला बराच काळ गेला. त्याआधी अशी मुलं दवाखान्यात यायची, न्यूमोनिया, जुलाब, गोवर अशा नावांनी त्यांची नोंद व्हायची आणि त्याच नावांनी ती मरायची. त्यांच्या मरणामागची भूक कागदावर येतच नव्हती.

ती कागदावर आणली एका बाईंनी. नाव, डॉ. सिसिली विल्यम्स.

जमैका ते ऑक्सफर्ड

सिसिली विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ चा. गाव जमैकातलं. जमैका म्हणजे आपल्याला बॉब मार्ले आणि उसेन बोल्टमुळे माहीत असलेलं कॅरिबियन बेट. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं आणि विल्यम्स घराणं तिथलं पिढ्यानपिढ्यांचं गोरं जमीनदार घराणं. वडील बेटाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते.

सिसिली लहान असताना, हिला काही नवरा मिळायचा नाही तेव्हा हिने डॉक्टर व्हावं, असं वडील गमतीने म्हणाल्याचा किस्सा सांगितला जातो. पुढे त्यांनी खरंच लग्न केलं नाही, आणि डॉक्टर मात्र झाल्या.

तेराव्या वर्षी त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजमध्ये प्रवेशही मिळाला. पण भूकंप आणि वादळांनी जमैकात नुकसान केलं होतं. आईवडिलांना हातभार लावायला त्या घरी परतल्या आणि शिक्षण लांबणीवर पडलं. १९१६ मध्ये वडील वारले, त्यानंतर त्या पुन्हा ऑक्सफर्डला गेल्या आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात दाखल झाल्या.

पहिलं महायुद्ध चालू होतं. तरुण मुलं आघाडीवर होती, वर्ग ओस पडले होते. त्यामुळे मुलींसाठी दार थोडं उघडलं. ऑक्सफर्ड तेव्हा मुलींना शिकू देत असे, पण पदवी देत नसे. पदवी द्यायला सुरुवात झाली ती १९२० मध्ये. सिसिली १९२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

पण तोवर युद्ध संपलं होतं, पुरुष डॉक्टर परत आले होते आणि बायकांना नोकरी मिळणं पुन्हा अवघड झालं होतं. लंडनच्या मुलांच्या दवाखान्यात काम करताना त्यांच्या एक गोष्ट पक्की लक्षात आली. मूल ज्या घरातून आलंय ते घर माहीत नसेल, तर नुसत्या औषधाने ते बरं होत नाही. त्या ग्रीसमध्ये निर्वासितांमध्ये काम करून आल्या, उष्ण प्रदेशातल्या आजारांचा कोर्स केला आणि १९२९ मध्ये वसाहतीच्या आरोग्य सेवेतून त्यांची नेमणूक गोल्ड कोस्टला झाली. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना.

नेमणुकीच्या पदाचं नावच होतं स्त्री वैद्यकीय अधिकारी. हे नाव त्यांना आवडत नसे, कारण त्याचा सरळ अर्थ होता पुरुष डॉक्टरपेक्षा कमी पगार.

अक्रामधला दवाखाना

घानाची राजधानी अक्रा. तिथे प्रिन्सेस मेरी लुईस नावाचा मुलांचा दवाखाना होता. सिसिली तिथे काम करू लागल्या तेव्हा वॉर्ड मुलांनी भरलेले असत.

त्या काळी सरकारी व्यवस्थेत दोन वेगळी खाती असत. आजारी मुलाला बरं करणारं एक आणि मूल आजारी पडू नये म्हणून काम करणारं दुसरं. सिसिलींना ही वाटणी पटत नव्हती. एकाच मुलाचे दोन तुकडे कसे करणार? त्यांनी नर्सना घरोघरी जायला शिकवलं. निरोगी बाळांना तपासायची सोय केली. प्रत्येक मुलाची माहिती लिहिलेलं कार्ड ठेवायला सुरुवात केली, म्हणजे मूल पुन्हा आलं की मागच्या वेळी काय होतं ते कळावं. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण त्या काळी वसाहतीतल्या दवाखान्यात ही नवी गोष्ट होती.

आणखी एक. बरेच गोरे डॉक्टर तिथल्या आयांना अडाणी समजत. सिसिली त्यांच्याशी बोलत, त्यांची औषधं समजून घेत.

या कामात त्यांना एक कोडं पडलं.

दवाखान्यात साधारण एक ते चार वर्षांची काही मुलं येत. हातपाय सुजलेले, पोट पुढे आलेलं. चेहरा गोल, त्यामुळे पहिल्या नजरेला गुटगुटीत वाटावीत अशी. पण मूल चिडचिडं. जुलाब लागलेले. तोंडात व्रण. अंगावरची कातडी काळवंडून सोलवटून निघालेली. काही आठवड्यांत बरीचशी मुलं दगावत.

वैद्यकीय पुस्तकांत उपाशी मूल म्हणजे वाळलेलं मूल. हाडं दिसणारं, म्हाताऱ्यासारखा चेहरा झालेलं. ही मुलं तशी नव्हती. मग हे काय होतं?

आईला विचारलं आणि उत्तर मिळालं

सिसिलींनी आयांना विचारलं. तिथल्या गा भाषेत या आजाराला नाव होतंच. क्वाशिओरकॉर. दुसरं बाळ झालं की आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ.

मराठी घरात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडेही पाठचं भावंड आलं की आधीच्या मुलाचं दूध तुटतं, ते आजीकडे झोपू लागतं आणि हळूहळू त्याची आबाळ होते, हे घरातल्या बायकांना ठाऊक असतं.

अक्रामध्ये तेच होत होतं. आई पुन्हा गरोदर राहिली किंवा नवं बाळ आलं की मोठ्या मुलाचं अंगावरचं दूध थांबे. त्याच्या वाट्याला येई मक्याच्या पिठाची पेज. पोट भरे, पण वाढत्या शरीराला जे हवं ते त्यात पुरेसं नसे. आजाराचं नाव, वय आणि कारण असं सगळं त्या एका शब्दात होतं. गा बायकांनी निदान करून ठेवलेलं होतं. डॉक्टरांनी ते विचारलं नव्हतं.

पण नुसत्या शब्दावर विज्ञान चालत नाही, हे सिसिलींना माहीत होतं. त्यांनी आजारी मुलांच्या नोंदी ठेवल्या. काय खातात, कधी दूध तुटलं, सूज कुठून सुरू झाली, कातडी कुठे सोलवटली. दगावलेल्या मुलांचं शवविच्छेदन स्वतः केलं. यकृतात चरबी साठलेली दिसली. अशाच एका शवविच्छेदनात हाताला कापलं आणि जंतूसंसर्ग होऊन त्या स्वतः मरणाच्या दारात जाऊन आल्या. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती.

१९३३ मध्ये त्यांचा लेख लंडनच्या बालरोगावरच्या एका वैद्यकीय मासिकात आला. मक्याच्या आहाराशी जोडलेला बालपणातला पोषणाचा आजार, असं त्यात मांडलं होतं. मूल वेळेत आलं आणि त्याला दूध मिळालं, तर ते वाचू शकतं हेही त्यांनी पाहिलं होतं.

आणि मग मोठ्या डॉक्टरने सांगितलं, असं काही नसतंच

लेख आला आणि विरोधही आला. ह्यू स्टॅनस नावाचे मोठे तज्ज्ञ होते. पेलाग्रा या आजारावर त्यांचा अधिकार मानला जाई. पेलाग्रा हा बी-३ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा आजार. तोही मका खाणाऱ्या लोकांत दिसे, त्यातही कातडी खराब होई आणि जुलाब होत. स्टॅनस यांनी १९३४ मध्ये लिहिलं की हा नवा आजार वगैरे काही नाही, हा पेलाग्राच आहे.

आता कल्पना करा. एका बाजूला लंडनमधले नामांकित तज्ज्ञ. दुसऱ्या बाजूला आफ्रिकेतल्या वसाहतीत कमी पगारावर काम करणारी बाई डॉक्टर. वजन कुणाच्या शब्दाला येणार?

सिसिली मागे हटल्या नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी लॅन्सेट या नावाजलेल्या नियतकालिकात पुन्हा लिहिलं आणि या वेळी आजाराचं गा भाषेतलं नाव थेट मथळ्यात वापरलं. दोन आजारांतला फरक त्यांनी दाखवून दिला. पेलाग्रात ऊन लागतं तिथली कातडी बिघडते, या मुलांमध्ये तसं नव्हतं. आणि हा आजार एका ठरावीक वयातच होत होता, दूध तुटल्यानंतरच्या.

तरीही बरीच वर्षं अनेक डॉक्टर पेलाग्राच म्हणत राहिले. हा नावावरून झालेला वाद नव्हता. चुकीचं नाव म्हणजे चुकीचा उपचार, आणि चुकीचा उपचार म्हणजे मुलाचा जीव.

१९३६ मध्ये वरिष्ठांशी खटके उडाल्यावर त्यांची बदली झाली. आफ्रिकेतून थेट मलायात, म्हणजे आजच्या मलेशिया आणि सिंगापूरच्या भागात.

सिंगापूरचं गाजलेलं भाषण

मलायात दुसरीच गोष्ट समोर आली. इथे दोन-तीन वर्षांची मुलं नाही, तर तान्ही बाळं दगावत होती. कारण शोधताना सिसिलींना दिसलं की नर्ससारखा पोशाख घातलेल्या बायका बाळंतिणींकडे जातात आणि डब्यातलं गोड कंडेन्स्ड दूध आईच्या दुधाहून चांगलं असल्याचं सांगतात. त्या दुधात साखर भरपूर, बाळाला हवं ते कमी. ते कालवायला स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला इंधन नाही. शिवाय डबा महाग, म्हणून तो पुरवून पुरवून वापरायचा. तोवर आईचं दूध आटलेलं.

१९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबने त्यांना भाषणाला बोलावलं. त्यांनी भाषणाला नाव दिलं दूध आणि खून. चुकीची माहिती देऊन बाळांना आईच्या दुधापासून तोडणं आणि त्यातून होणारे मृत्यू यांना खूनच मानलं पाहिजे, असं त्या व्यापारी मंडळींच्या समोर उभं राहून म्हणाल्या.

या भाषणाला कायद्यात उतरायला चार दशकं लागली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत बाळांच्या दुधाच्या जाहिरातींवर बंधनं घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली. आपल्या देशात असा कायदा १९९२ मध्ये झाला. आज भारतात बाळाच्या दुधाच्या डब्यावर आईचं दूधच बाळासाठी उत्तम अशी सूचना असते आणि गुबगुबीत बाळाचा फोटो नसतो, तो या कायद्यामुळे.

तुरुंगातली वीस बाळं

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर हल्ला केला. सिसिली तेव्हा ईशान्य मलायातल्या त्रेंगानूमध्ये होत्या. तिथून जीव वाचवत त्या सिंगापूरला पोहोचल्या, पण फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरही पडलं. इतर युरोपीय नागरिकांबरोबर त्यांना चांगीच्या तुरुंगात डांबण्यात आलं.

तिथे बायकांच्या छावणीचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. १९४३ मध्ये जपानी लष्करी पोलिसांनी, म्हणजे केंपेताईने, त्यांना चौकशीसाठी नेलं. अनेक महिने त्या मरणासन्न कैद्यांबरोबर कोंडलेल्या होत्या. छळ झाला, उपासमार झाली. आयुष्यभर ज्या उपासमारीचा अभ्यास केला, ती आता त्यांच्या स्वतःच्या शरीरात होती. त्यांना बेरीबेरी झाला. हा आजारही जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. त्यातून पायांना आलेला बधिरपणा पुढे कधीच गेला नाही.

त्याच छावणीत वीस बाळं जन्मली. वीसही बाळांना आयांनी अंगावर पाजलं. वीसही बाळं जगली. अन्न नाही, औषध नाही अशा तुरुंगात. सिसिलींनी पुढे हा आकडा आवर्जून सांगितला.

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा त्या दवाखान्यात खाटेला खिळलेल्या होत्या. थोड्या सावरल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

ज्यांनी ऐकलं नव्हतं, ते आता ऐकू लागले

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. तिच्या माता व बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या सिसिली विल्यम्स. पुढे दक्षिणपूर्व आशियातलं माता-बाल आरोग्याचं कामही त्यांच्याकडे आलं.

त्यांच्या काळातच आफ्रिकेतल्या दहा देशांमध्ये क्वाशिओरकॉर शोधायची मोहीम निघाली. १९५२ मध्ये अहवाल आला. जगात ज्ञात असलेल्या पोषणाच्या आजारांमध्ये हा सर्वांत गंभीर आणि सर्वांत पसरलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या आजाराला असं काही नसतंच म्हणून बाजूला सारलं होतं, त्याच्या नावाचा हा अहवाल. पहिल्या लेखापासून मोजली तर १९ वर्षं झाली होती.

त्यानंतर त्या मायदेशी जमैकाला गेल्या. तिथे मुलांना अचानक उलट्या होऊन मृत्यू येणारा एक गूढ आजार होता. त्यांच्या तपासातून बोट कच्च्या ॲकी फळाकडे गेलं. ॲकी हे तिथलं रोजच्या जेवणातलं फळ, पण न पिकलेलं असेल तर विषारी. इथेही पद्धत तीच. मूल काय खातं, ते घरात जाऊन विचारायचं.

पुढे त्यांनी लंडनमध्ये आणि बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवलं, अनेक देश फिरल्या. १९७२ मध्ये डेरिक जेलिफ या डॉक्टरांसोबत माता आणि बाल आरोग्य सेवेवर पुस्तक लिहिलं. १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं का?

नाही, आणि हेही सांगायला हवं.

१९५० आणि ६० च्या दशकात क्वाशिओरकॉर म्हणजे प्रोटीनची कमतरता, असं समीकरण जगभर पक्कं झालं. प्रोटीनयुक्त पावडरी आणि पीठं बनवण्यावर खूप पैसा गेला. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की सुजलेली मुलं आणि वाळलेली मुलं यांच्या आहारात तसा फरक सापडत नाही. एकाच प्रकारचं जेवण जेवणारी दोन मुलं, एक सुजतं आणि एक वाळतं.

२०१३ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या जुळ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुळ्यांपैकी एकाला क्वाशिओरकॉर, दुसरं ठीक. त्यातून आतड्यातल्या जंतूंचाही यात हात असावा असं दिसलं. सूज नेमकी कशामुळे येते, यावर संशोधन अजून चालू आहे.

मग सिसिलींचं काय उरतं? सूज असलेलं मूल हे कुपोषित मूल आहे आणि त्याच्या जीवाला धोका आहे, हे त्यांचं म्हणणं उरतं. ते आजही तसंच उभं आहे.

आज वॉर्डात काय तपासतात?

सिसिलींनी आजार ओळखला, पण गर्दीच्या दवाखान्यात असं मूल पटकन शोधायचं कसं, हे पुढे अनेकांनी मिळून शोधलं. मेक्सिको सिटीतल्या मुलांच्या दवाखान्यात डॉ. फेडेरिको गोमेझ यांनी १९४६ मध्ये भरती मुलांची श्रेणी ठरवली. वयानुसार असायला हवं त्याच्या किती टक्के वजन आहे, ते बघायचं. ६० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सर्वांत गंभीर श्रेणी. कोणतं मूल दगावण्याचा धोका जास्त, हे त्यातून दिसू लागलं.

जेलिफ आणि इतरांनी दंडाचा घेर मोजण्याची पद्धत रूढ केली. एक ते पाच वर्षांच्या काळात निरोगी मुलाचा दंडघेर फारसा बदलत नाही, त्यामुळे वय नेमकं माहीत नसलं तरी चालतं. लाल, पिवळा, हिरवा अशी ती पट्टी अंगणवाडीत तुम्ही पाहिली असेल.

आजची पद्धत थोडक्यात अशी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तीन गोष्टी बघतात. दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आहे का? उंचीच्या मानाने वजन तक्त्यातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे उणे ३ च्या रेषेखाली आहे का? आणि दोन्ही पावलांवर सूज आहे का? तिन्हीपैकी एक जरी हो असेल, तर मूल तीव्र कुपोषित, सरकारी भाषेत सॅम.

यातला तिसरा प्रश्न महत्त्वाचा का, ते आता लक्षात येईल. सूज म्हणजे अंगात साठलेलं पाणी. पाण्याला वजन असतं. त्यामुळे सुजलेलं मूल काट्यावर ठेवलं तर वजन जास्त भरतं आणि मूल ठीक वाटतं. नुसत्या काट्यावर विसंबलं तर सर्वांत जास्त धोक्यातलं मूल हातातून निसटू शकतं.

उपचारातही याचा उलटा हिशोब आहे. उपचार लागू पडले की सुरुवातीला अशा मुलाचं वजन कमी होतं, कारण साठलेलं पाणी निघून जातं. हे चांगलं लक्षण आहे. पण घरच्यांना कुणी हे सांगितलं नसेल, तर त्यांना वाटतं दवाखान्यात मूल आणखी खराब होतंय.

अशा मुलाला भरती केल्यावर पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घालायचं नसतं. शरीराला ते झेपत नाही. आधी अंग उबदार ठेवायचं, रक्तातली साखर बघायची, संसर्गावर औषध द्यायचं आणि ठरावीक दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा द्यायचं. सूज आहे म्हणून लघवी वाढवणारं औषध द्यायचं नाही. म्हणजेच, कुपोषण आहे हे भरतीच्या वेळीच कळलं नाही, तर न्यूमोनियाचा किंवा जुलाबाचा नेहमीचा उपचारसुद्धा अशा मुलाला धोक्याचा ठरू शकतो. शिरेतून दिलेलं सलाईन हे त्याचं उदाहरण. कुपोषित मुलाचं हृदय कमजोर असतं, त्याला जास्त पाणी झेपत नाही.

म्हणून तपासणी भरती होतानाच करायची असते. मूल कोणत्या आजारासाठी आलंय याने फरक पडत नाही. खोकल्यासाठी आलेलं, भाजलेलं, ऑपरेशनसाठी आलेलं, सगळ्यांची. आणि एकदाच करून भागत नाही. तपासण्यांसाठी उपाशी ठेवणं, ताप, भूक मरणं यामुळे भरती असतानाही मुलाचं वजन घटू शकतं. श्रीमंत देशांतही मुलांच्या दवाखान्यांमध्ये यासाठी छोट्या प्रश्नावल्या वापरतात. अलीकडे वजन घटलंय का? खाणं कमी झालंय का? आजार असा आहे का की ज्यात अन्न अंगी लागत नाही?

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात हा विषय मेळघाट, नंदुरबार, पालघर अशा आदिवासी भागांच्या बातम्यांमधून आपल्यापर्यंत येतो, बहुतेक वेळा पावसाळ्यात आणि मृत्यूंच्या आकड्यांसोबत. त्या बातम्यांनंतर एक वाद ठरलेला असतो. मूल कुपोषणाने गेलं की आजाराने?

सिसिली विल्यम्स यांचं आयुष्य वाचल्यावर या वादाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. कागदावर न्यूमोनिया खरा असतो. पण चांगलं खाल्लेलं मूल ज्या न्यूमोनियातून उठून बसतं, त्याच न्यूमोनियात कुपोषित मूल जातं. दोन्ही कारणं खरी असतात. फाईलवर दोन्ही लिहिली, तरच दुसऱ्या कारणावर कुणीतरी काम करेल.

यासाठीची सोय आपल्याकडे आहे. अंगणवाडीत वजन-उंची आणि दंडघेर मोजतात. ज्या मुलांना सूज आहे, भूक नाही किंवा सोबत दुसरा आजार आहे, त्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत, पाठवतात. तिथे मुलासोबत आईलाही राहावं लागतं. आणि इथेच अडतं. घरी दुसरं लहान मूल असतं, शेतातली मजुरी बुडते, स्वयंपाक कोण करणार असा प्रश्न असतो. आई निघून गेली तर ती बेफिकीर आहे असं म्हणणं सोपं आहे. अक्रामध्येही आयांबद्दल हेच म्हटलं जायचं.

तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं लहान मूल दवाखान्यात भरती झालं, तर तुम्हीही विचारू शकता. वजन आणि उंची दोन्ही घेतली का? दंडघेर मोजला का? पावलं दाबून बघितली का? आणि हे फाईलवर लिहिलंय का? यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. गर्दीच्या वॉर्डात राहून गेलेली गोष्ट आठवून देणं आहे.

अक्रामधला प्रिन्सेस मेरी लुईस दवाखाना आजही चालू आहे आणि तिथे आजही कुपोषित मुलांवर उपचार होतात. क्वाशिओरकॉर हा गा भाषेतला शब्द आज जगभरातल्या वैद्यकीय पुस्तकांत आहे. आपल्याकडचे विद्यार्थीही तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात. हा शब्द कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही, हे मात्र फार कुणाला माहीत नसतं. आजारी मूल कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या एका आईला डॉक्टरने विचारलं, की याला तुमच्यात काय म्हणतात, आणि तिने जे सांगितलं तो हा शब्द आहे.